वकीलपत्र

नोटीस आली तेव्हा मी खतावणीला खळ लावत होतो.
हात धुतले, वाचली.
मग पुन्हा हात धुतले.

चिराबाजारात प्रत्येकाकडे एक वकील निघाला.
लाँड्रीवाल्या घरतचा साडू,
समोरच्या सोनाराचा 'आपला माणूस',
भाचीच्या मैत्रिणीचा नवरा, जो खरं तर
फक्त पेटंटचं बघतो, पण बोलून बघेल.
शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, हेही
सगळ्यांनी सांगितलं,
पत्ता लिहून देता देता.

पहिल्याकडे पायरी नव्हती, लिफ्ट होती.
फोर्टात, सहावा मजला, काचेआड
जाडजूड पुस्तकांचे तांबडे कणे ओळीनं.
माझा धंदाच बाइंडिंगचा, नजर गेली.
एकाचाही सांधा मोडलेला नव्हता.
वाचलेल्या पुस्तकाचा कणा कसा
झोपून उठलेल्या माणसासारखा दिसतो, मला विचारा.
"केस आपलीच आहे," साहेब म्हणाले.
नोटीस अजून माझ्या पिशवीत होती.
फीचं काढलं तर हसले. "घरचेच तुम्ही. नंतर बघू."
घरच्यांनी नंतर काय काय बघितलंय
ते मला ठाऊक आहे.

लघुवाद कोर्टाच्या फाटकाशी
मशीनवर प्रतिज्ञापत्रं बडवत बसतात ते रेडीज
दुसऱ्या चहाला म्हणाले,
"वकील ऑफिसात बघायचा नसतो हो.
पापलेट काय फोटोवरून घेता?
आत जा. मागच्या बाकावर बसा दोन दिवस."

बसलो. दुकानाला कुलूप.
पंखा फिरत होता, तारखा पडत होत्या.
एकाचा आवाज दणदणीत, कागद मात्र सापडेना.
एक तर आपल्याच अशिलाला
दाव्याच्या नंबरानं हाक मारायचा.
आणि एक बाई, ठेंगण्या,
चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली.
न्यायाधीशांनी पान विचारलं तेव्हा
"एकशे बारा, खालून तिसरी ओळ,"
फाईलकडे न बघता.

हरल्या. अर्ज फेटाळला गेला.
बाहेर जिन्याच्या वळणावर उभं राहून
त्यांनी त्या म्हाताऱ्याला सगळं सांगितलं,
मराठीत, दोनदा.
तो मान हलवत ऐकत होता.
असा हरलेला माणूस मी पाहिला नव्हता,
ज्याला आपण कशात हरलो ते कळलंय.

फिलोमिना तुस्कानो. मूळच्या वसईच्या.
ऑफिस धोबीतलावला, ट्रॉफ्यांच्या दुकानावर.
जिन्यातसुद्धा कप मांडून ठेवलेले,
नावं कोरायची बाकी.

नोटीस वाचली. मग भाडेपावत्या,
एकेक, पुढून आणि मागून.
मागून कोणी बघत नाही.
"शहाण्णवचे आठ महिने नाहीत," त्या म्हणाल्या.
"आणि या पाठीवर हिशोब आहे, दरमहा सातशे.
अक्षर तुमचं नाही. कोणाचं?"

फोर्टात मी बोललो नव्हतो. रेडीजनाही नाही.
बायकोला अजून वाटतं
मावसभाऊ दिगंबर दुकानात फुकट बसायचा.
मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत
अर्ध्या दुकानाची गोष्ट सांगितली,
आठ महिन्यांची, घरमालकाला न विचारता.
खाली कुणीतरी पितळ घासत होतं.

"यावर दावा जाऊ शकतो," त्या म्हणाल्या.
पेनचं टोपण लावलं. परत काढलं.
"पण हे मला तुमच्याकडून कळलं,
समोरच्याकडून नाही. इथून सुरुवात करू."

मग एका कागदावर आकडे काढून दिले,
फी, टायपिंग, कोर्टाचं तिकीट,
तारीख पुढे गेली तर किती.
खाली सही, माझी एक, त्यांची एक.

निकाल लागायचाय. पुढची तारीख चौदा जुलै.
बायकोला अजून सांगितलेलं नाही,
ते त्या म्हणतात त्यांच्या कामात येत नाही.
मी इतकंच केलं,
माझी फाईल एक रात्र दुकानात आणली
आणि तिचा दोरा बदलून दिला.
त्यांचा कच्चा होता.